धक्का नेमका कुणाला बसतो?

बलाढ्य संघ हरला की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला: 'धक्कादायक निकाल'. फुटबॉल मनापासून पाहायला लागल्यापासून मला हा शब्द खटकत आलाय. धक्का बसतो तो बघणाऱ्यांना. जिंकणारा संघ त्या नव्वद मिनिटांची तयारी कधीपासून करत असतो, फक्त आपलं तिकडे लक्ष नसतं. या निकालांचा इतिहास म्हणूनच मला आपल्या दुर्लक्षाचाही इतिहास वाटतो.

१९५० पर्यंत इंग्लंड विश्वचषकात उतरलंच नव्हतं. त्या वर्षी २९ जूनला ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्तेत त्यांची गाठ अमेरिकेशी पडली. अमेरिकेच्या संघात एक शिक्षक होता, एक टपाल वाटणारा होता. गोलरक्षक फ्रँक बोर्गी शववाहिका चालवायचा. हैतीहून शिकायला आलेला ज्यो गेटजेन्स न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटात भांडी घासायचा. इंग्लंडने आपल्या नावाजलेल्या स्टॅन्ली मॅथ्यूजला विश्रांती देऊन प्रेक्षकांत बसवलं होतं. ३८व्या मिनिटाला वॉल्टर बारने लांबून फटका मारला, गेटजेन्सने झेपावून त्याला डोकं लावलं आणि चेंडू जाळ्यात गेला. पुढे इंग्लंडने कितीही डोकं आपटलं तरी १-० हा निकाल काही बदलला नाही. अमेरिकेतून तिथे एकच पत्रकार आला होता, तोही रजा काढून, पदरमोड करून. गेटजेन्सला १९६४ साली हैतीत हुकूमशहा दुवालिएच्या माणसांनी पकडून नेलं आणि तो पुन्हा कुणालाच दिसला नाही. त्या गोलचं छायाचित्र पाहताना मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच स्पर्धेत उरुग्वेने माराकाना मैदानावर ब्राझीलला २-१ असं हरवलं. तो पराभव ब्राझीलच्या किती जिव्हारी लागला हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मी त्याला या पंगतीत बसवत नाही. उरुग्वेकडे १९३० चा विश्वचषक होता, दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं होती. त्यांना दुबळं कोण म्हणेल?

खरी गोष्ट आहे ती १९६६ ची. आफ्रिका, आशिया आणि ओशिनिया या सगळ्यांना मिळून फिफाने एकच जागा ठेवली होती. चिडून आफ्रिकी देशांनी पात्रता फेरीवर बहिष्कार टाकला. दक्षिण कोरियानेही माघार घेतली. उरले उत्तर कोरिया आणि ऑस्ट्रेलिया. दोन्ही सामने कंबोडियात, नोम पेन्हला झाले आणि कोरियाने ते ६-१, ३-१ असे जिंकले. म्हणजे ज्या संघाला इंग्लंडमध्ये सगळे अनोळखी म्हणत होते, तो अनोळखी राहिला होता कारण जगातला मोठा भाग दाराबाहेर उभा होता.

१९ जुलैला मिडल्सब्रोच्या आयरसम पार्कवर समोर होता दोनदा विश्वविजेता ठरलेला इटली. पहिल्या सत्रातच बुल्गारेल्लीला दुखापत झाली. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती (विश्वचषकात ती १९७० ला आली), त्यामुळे इटलीचे दहाच जण उरले. मध्यंतराला थोडा वेळ असताना डोक्याने पुढे ढकललेला चेंडू पाक दू-इकने धावत गाठला आणि जमिनीलगत तिरका मारला. इटलीचा गोलरक्षक अल्बर्टोसीने उडी घेतली, पण चेंडू कोपऱ्यातून आत गेला होता. स्थानिक प्रेक्षकांनी तोवर कोरियनांना आपलं मानलं होतं. त्या एका गोलवर हरलेल्या इटलीच्या खेळाडूंचं मायदेशी विमानतळावर टोमॅटोंनी स्वागत झालं. उपांत्यपूर्व फेरीत कोरियाने पोर्तुगालवर पंचवीस मिनिटांत ३-० अशी आघाडी घेतली, आणि मग युसेबियो एकटा चार गोल मारून गेला. सामना ५-३ असा हातचा गेला. आघाडी राखायची कशी, हे मोठ्या स्पर्धांत खेळून खेळूनच कळतं, आणि ती संधी त्यांना कुणी दिली होती?

बहिष्काराचा परिणाम झाला. १९७० पासून आफ्रिकेला हक्काची एक जागा मिळाली. १९७८ मध्ये ट्युनिशियाने मेक्सिकोला ३-१ हरवून खंडाला विश्वचषकातला पहिला विजय मिळवून दिला. १९८२ ला अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असं पाणी पाजलं. तरी अल्जीरिया बाहेर पडला, कारण पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना अल्जीरियाच्या शेवटच्या सामन्यानंतर एक दिवसाने होता आणि जर्मनीच्या १-० विजयावर दोघांचंही भागत होतं. लवकर एक गोल झाला आणि उरलेला वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरत राहिला. आजही ते वाचताना संताप येतो. गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवायचा नियम त्यातूनच आला. १९९० ला कॅमेरूनने मिलानमध्ये गतविजेत्या अर्जेंटिनाला १-० हरवलं, तेही शेवटी नऊच खेळाडू मैदानावर असताना, आणि पुढच्या स्पर्धेत आफ्रिकेच्या जागा तीन झाल्या.

यानंतर 'अनोळखी' हा शब्दच मोडीत निघाला. २००२ ला सोलमध्ये सेनेगलने फ्रान्सला १-० हरवलं, तेव्हा सेनेगलचे जवळपास सगळे खेळाडू फ्रान्सच्याच क्लबांत खेळत होते. ज्यांना दर आठवड्याला पाहायचे त्यांनीच गतविजेत्यांना हरवलं. फ्रान्स त्या स्पर्धेतून एकही गोल न करता परतला.

यात खेळाच्या स्वभावाचाही भाग आहे. ज्या खेळात शेकड्याने गुण होतात तिथे सरस संघाला चुका भरून काढायला वाव असतो. फुटबॉलमध्ये एक गोल पुरतो. मार्च २०२२ मध्ये पालेर्मोत युरोपविजेत्या इटलीने उत्तर मॅसेडोनियाच्या गोलवर तीसहून अधिक फटके मारले. भरपाई वेळेत त्रायकोव्स्कीने लांबून एकच मारला आणि इटली सलग दुसऱ्यांदा विश्वचषकाला मुकला.

पण सगळं दैवावर ढकललं की मला राग येतो. २२ नोव्हेंबर २०२२, लुसैल. क्रमवारीत ५१वा सौदी अरेबिया, समोर ३६ सामने अपराजित अर्जेंटिना. मेस्सीने दहाव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला, मग अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड (पास मिळताना खेळाडू बचावफळीच्या पलीकडे असल्याने बाद) ठरले. सौदीचे प्रशिक्षक एर्वे रेनार यांनी बचावफळी मुद्दाम मैदानाच्या मध्याजवळ आणून ठेवली होती. एक पाऊल चुकलं असतं तर मध्यंतरालाच चार गोल झाले असते. उत्तरार्धात अल-शेहरीने बरोबरी साधली. पाच मिनिटांनी अल-दौसरीने डावीकडे चेंडू ताब्यात घेतला, बचावपटूंना चकवत आत वळला आणि उजव्या पायाने चेंडू दूरच्या कोपऱ्यात उंच घातला. अर्जेंटिनाने १८ डिसेंबरला त्याच मैदानावर विश्वचषक उचलला. त्या स्पर्धेत त्यांना हरवणारा संघ एकच होता, आणि तो आपल्या गटात शेवटचा आला.