खेळाडूंसाठी वेगळं नियमपुस्तक छापायचं का? टेबलटॉप आरपीजी छापून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि दिवाळी अंक यांच्या जोडीला आता आमच्या छापखान्यात स्वतः रचलेले रोलप्लेइंग गेम (आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र होऊन, फाशांच्या मदतीने खेळायचे कथा-खेळ) घेऊन येणारी मंडळी वाढली आहेत. सांगली-मिरजेची आहेत, कराड आणि साताऱ्याहूनही येतात. बहुतेक कॉलेजची मुलं-मुली, काही शिक्षक. मराठीत असं काही छापलं जातंय याचा आम्हाला आनंद आहे, आणि ही कामं आम्ही आवडीने करतो. पण जवळजवळ प्रत्येक जण एक प्रश्न विचारतोच, आणि तोही प्रूफ हातात आल्यावर: "खेळाडूंसाठी वेगळं पुस्तक काढू या का?"

प्रश्न योग्य आहे, वेळ चुकीची आहे. फाइल लावायच्या आधी विचारलात तर तासाभराच्या बोलण्यात निर्णय होतो. प्रूफ वाचून झाल्यावर विचारलात तर काम जवळजवळ पहिल्यापासून करावं लागतं.

आधी प्रश्नाबद्दल. बाहेरच्या मोठ्या प्रकाशकांकडे बोट दाखवून काही उपयोग नाही, कारण तिथे दोन्ही प्रकार सापडतात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा गेम १९७४ मध्ये आला तेव्हा एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. त्याच कंपनीने १९७७ ते १९७९ या काळात राक्षसांचं, खेळाडूंचं आणि जीएमचं (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) अशी तीन स्वतंत्र जाड पुस्तकं काढली. त्यात लढाईत वार लागला की नाही हे ठरवणारे तक्ते खेळाडूंच्या पुस्तकात नव्हते, ते जीएमच्या पुस्तकात होते. 'पाथफाइंडर' २००९ मध्ये ५७६ पानांच्या एकाच ग्रंथात आला, आणि २०२३ मध्ये त्यांनी खेळाडूंचं आणि जीएमचं पुस्तक वेगळं केलं. 'कॉल ऑफ कथुलू'च्या सातव्या आवृत्तीत खेळाडूंसाठी निराळं पुस्तक आहे. म्हणजे आकार मोठा झाला की वेगळं करणं सोयीचं जातं. तुमचा गेम ९६ पानांचा असेल तर ५७६ पानांचा हिशेब त्याला लावू नका.

आमचा सल्ला असा. संपूर्ण मजकूर दीडशे पानांच्या आत असेल तर पुस्तक एकच ठेवा आणि सोबत १६ किंवा २४ पानांची, मध्ये पिन मारलेली खेळाडू-पुस्तिका करा. दोनशेच्या वर गेलात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पानं राक्षस, ठिकाणं, कथानकं अशी खेळाडूने बघायचीच नाहीत अशी असतील, तर दोन पुस्तकं खुशाल करा. मधल्या आकाराचा गेम असेल तर फाइल घेऊन या, समोर बसून ठरवू.

पुस्तिकेचा आग्रह आम्ही का धरतो? टेबलावर पाच जण असतील तर एक जीएम आणि चार खेळाडू. पहिल्या बैठकीत चौघांनाही एकाच वेळी पात्र बनवायचं असतं, आणि पुस्तक एक. एक जण कौशल्यांची यादी वाचतोय, दुसरी शस्त्रांसाठी थांबलीय, तिसऱ्याने त्याच पानांचे मोबाइलवर फोटो काढलेत. संध्याकाळ यातच जाते. नाटक कंपनीत प्रत्येक नटाला त्याच्या भूमिकेची नक्कल मिळायची आणि पूर्ण संहिता तालीममास्तरांकडे असायची, तसंच हे आहे. खेळाडूला पात्र कसं बनवायचं, फासे कसे टाकायचे, जखम आणि विश्रांती यांचे नियम आणि वस्तूंची यादी एवढंच हातात लागतं. मध्यभागाच्या समोरासमोरच्या दोन पानांवर फाशांचा सारांश ठेवा. पुस्तिका पिनची असल्याने ती पानं टेबलावर सपाट उघडी राहतात.

"नियम खेळाडूंना कळले तर मजा जाईल" असं काही जण म्हणतात. आमच्या मते गुपित कथानकात असावं, नियमात नसावं. दार उघडल्यावर काय दिसणार हे लपवा. दार तोडायला किती फासे लागतात हे लपवून उपयोग नाही, खेळाडू तिसऱ्या फेरीला ते ओळखतोच.

फाइल मधून कापू नका

या पत्रकाचा खरा मुद्दा हाच आहे. समजा तुमचं डेमी आकाराचं पुस्तक ९६ पानांचं आहे. सोळा पानांचा एक फॉर्म (एकत्र छापून दुमडायचा पानांचा संच) धरला तर सहा फॉर्म, एकही पान वाया नाही. प्रूफ बघून तुम्ही म्हणता, "पहिली ३४ पानं खेळाडूंची, तिथून तोडा." आता पानं चाराच्या पटीत लागतात आणि ३४ ला चाराने भाग जात नाही, म्हणून ३६ करावी लागतात. उरलेली ६२, त्यात शीर्षकपान, मुद्रणपान आणि अनुक्रमणिका यांची चार मिळवून ६६, म्हणजे ६८ करावी लागतात. दोन्हीकडे पूर्ण फॉर्म होऊन चार-चार पानांचं शेपूट उरतं. कागद वाढतो, मुखपृष्ठं दोन, लॅमिनेशन दोनदा, बाइंडिंग दोनदा.

खर्च एकवेळ भरून निघेल, पण मजकुराचं काय? खेळाडूंच्या भागात पान १९ वर तुम्ही लिहिलेलं असतं, "पान ५८ वरचा जखमांचा तक्ता पाहा." आता त्या पुस्तकाला ३६ च पानं आहेत. तक्ता जीएमच्या पुस्तकात गेला आणि तिथे तो पान २८ वर आहे. असे उल्लेख एका ९६ पानी पुस्तकात डझनांनी असतात. ते आमचा ऑपरेटर शोधू शकत नाही, कारण कोणता तक्ता कोणाच्या हातात हवा हे फक्त तुम्हाला माहीत असतं.

मग घाईत उपाय निघतो: तक्ता दोन्हीकडे छापा. इथून पुढचा त्रास छपाईनंतर कळतो. आमच्या एका ग्राहकाच्या गडकोटांवरच्या गेममध्ये जखमी पात्राचा एक फासा कमी होतो असं खेळाडूंच्या पुस्तकात होतं. शेवटच्या चाचणीनंतर त्यांनी जीएमच्या फाइलमध्ये एकाचे दोन केले, दुसरी फाइल तशीच राहिली. पुस्तकं छापून झाली, विकली गेली, आणि टेबलावर वाद सुरू झाले. खेळाडू स्वतःचं पुस्तक उघडून दाखवत होते आणि त्यांचंही बरोबर होतं. शेवटी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून उरलेल्या प्रतींमध्ये हाताने चिकटवाव्या लागल्या. गेम चांगला होता, आजही लोक खेळतात. पण पहिल्या आवृत्तीची ओळख ती चिठ्ठी झाली.

म्हणून आमची पद्धत. काम घेताना आम्ही एक साधा कागद भरून घेतो: डाव्या रकान्यात प्रत्येक नियम, उजवीकडे तो कोणत्या पुस्तकात राहणार. नियम एकाच जागी राहील. पुस्तिकेत फक्त सारांश द्यायचा असेल तर तसं लिहा, म्हणजे मूळ नियम बदलला की सारांशही तपासायची आठवण राहते. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकातल्या मजकुराकडे बोट दाखवायचं असेल तर पानाचा आकडा न देता प्रकरणाचं नाव द्या. या कागदावर सही झाल्याशिवाय आम्ही मांडणी सुरू करत नाही, आणि सहीनंतर पुस्तक दोन करायचं ठरलं तर नव्या मांडणीचे आणि प्रूफचे पैसे घेतो. काहींना हे ताठर वाटतं. पण प्लेट एकदा निघाली की पुसून पुन्हा वापरता येत नाही, आणि ऑपरेटरचे चार दिवस दुसऱ्या कोणाच्या तरी कामातून काढावे लागतात. ज्यांनी कागद नीट भरला त्यांची पुस्तकं वेळेत गेली आहेत.

बाकीचं थोडक्यात. मुख्य पुस्तक खेळताना सारखं उघडायचं असेल तर शिलाई बाइंडिंग घ्या. परफेक्ट बाइंडिंग स्वस्त पडतं, पण दाबून उघडलं की पाठ फुटते. तीनशे प्रतींच्या आत डिजिटल परवडतं, वर गेलात तर ऑफसेट. फाइल युनिकोडमध्येच आणा. पुस्तक विकायचं असेल आणि आयएसबीएन हवा असेल तर दोन पुस्तकांना दोन क्रमांक लागतात. भारतात ते राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतात, मात्र वेळ हाताशी ठेवून अर्ज करा. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रकाशकाने पाठवायची असते. पुस्तकं दोन तर प्रतीही दुप्पट.

खेळाडू-पुस्तिकेची पीडीएफ फुकट वाटावी का, असंही विचारतात. जरूर वाटा. त्यात आमची छपाई थोडी कमी होते, तरी सांगतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'नेही २०१४ मध्ये मूलभूत नियम नेटवर मोफत दिले होते. मोबाइलवर पुस्तिका वाचलेला खेळाडू पुढच्या बैठकीला छापील प्रत मागतो, असं आमचे ग्राहकच सांगतात.

मुख्य पुस्तक, खेळाडू-पुस्तिका आणि पन्नास पानी कॅरॅक्टर शीटचं (पात्राची माहिती भरायच्या तक्त्याचं) पॅड एकत्र दिलंत तर आम्ही एकच दर लावतो आणि साध्या पांढऱ्या कागदावर मजकूर काढलेली डमी (नमुना-प्रत) मोफत बांधून देतो. ती डमी घेऊन एक वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) खेळा आणि कुठे पानं उलटायला लागतात त्या जागी पेन्सिलने खूण करा. मग फाइल पक्की करा. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत मशीनवर अंक असतात, त्या काळात नवीन गेमची मांडणी घेत नाही. जानेवारी ते जून कधीही या, गणपती पेठेत, दुपारी दोन ते चार सोडून. येताना फाइल, अंदाजे प्रती आणि तो दोन रकान्यांचा कागद कच्चा का होईना भरून आणा. कोरा कागद काउंटरवर मिळेल.