स्वादुपिंडाला निरोप कोण पोचवतं?

वरणभाताचा तूप घालून कालवलेला घास जठरातून लहान आतड्यात उतरतो, तेव्हा जठरातल्या आम्लाने तो चांगलाच आंबट झालेला असतो. आतड्याला एवढं आम्ल सोसत नाही. तेवढ्यात जठरामागे आडवं पसरलेलं स्वादुपिंड आपला रस सोडू लागतं. पण घास आल्याचं त्याला कळतं कसं?

मज्जातंतूंमुळे, असं पूर्वी मानत. हेच मानणारे रशियाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलॉव्ह यांचा या विषयात दबदबा होता. १६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी (नात्याने हे मेहुणे) भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याचे मज्जातंतू तोडले, रक्तवाहिन्या तेवढ्या ठेवल्या. आत सौम्य आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंडाचा रस ठिबकू लागला! मग स्टार्लिंग यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून घोटलं, गाळलं आणि तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. पुन्हा रस सुटला. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. अशा द्रव्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरला. मूळ ग्रीक अर्थ चालना देणं. आपला ‘संप्रेरक’ शब्द तोच अर्थ किती नेमका पकडतो!

सिक्रेटिनमुळे मुख्यतः बायकार्बोनेटयुक्त पाणी सुटतं आणि आम्ल मारलं जातं. आम्ल कमी झालं की सिक्रेटिनही ओसरतं. अन्न पचवणाऱ्या विकरांसाठी (एन्झाइमांसाठी) निरोप्या वेगळा: कोलेसिस्टोकायनिन. घासातल्या तुपाची आणि डाळीतल्या प्रथिनांची चाहूल लागताच आतड्याच्या पेशी तो रक्तात सोडतात. त्याने पित्ताशय आकुंचन पावतं आणि स्वादुपिंडातली विकरं बाहेर पडतात.

यातली प्रथिनं तोडणारी विकरं स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात साठवलेली असतात, ही मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. ट्रिप्सिनोजेनचं ट्रिप्सिन होतं ते आतड्यात पोचल्यावर, तिथल्या एन्टेरोकायनेज या विकरामुळे, आणि मग ट्रिप्सिन इतरांना जागं करतं. हेच स्वादुपिंडाच्या आत घडलं तर ते स्वतःलाच पचवू लागतं. स्वादुपिंडदाहाच्या असह्य वेदनांमागे हे असतं.

पावलॉव्ह यांनीही लंडनचा निष्कर्ष खुल्या मनाने मान्य केला. मात्र मज्जातंतूंचं महत्त्व संपलं नाही. माणसात कोलेसिस्टोकायनिन आपला निरोप बऱ्याच अंशी मेंदूपासून पोटापर्यंत येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फतच स्वादुपिंडापर्यंत पोचवतं.