लघुव्यवसायाच्या वेबसाइटचे नियोजन

छोट्या व्यवसायाची वेबसाइट बांधायला घेण्याआधी तिचा हेतू, मजकूर, पानांची रचना, मालकी आणि देखभाल ठरवून घेण्याचे काम. तयार साच्यांमुळे बांधणी हल्ली काही दिवसांत उरकते. घोडे अडते ते मजकुरापाशी. रंग ठरतात, बोधचिन्ह ठरते आणि ‘आमच्याविषयी’ या पानावर साच्याबरोबर आलेला नमुन्याचा मजकूर महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. त्यामुळे आधी मजकूर लिहून मग त्याला बसेल असा साचा निवडणे सोयीचे पडते.

सुरुवात एका प्रश्नाने होते : पानावर आलेल्या माणसाने पुढे काय करावे? फोन, वेळेची नोंदणी, दरांची विचारणा, खरेदी, पत्त्याचा शोध यांपैकी एकच गोष्ट मुख्य धरावी लागते. नळदुरुस्तीवाल्याच्या वेबसाइटवर येणाऱ्याच्या एका हातात फोन असतो आणि दुसरा हात गळत्या नळावर. त्याला क्रमांक पहिल्याच पडद्यावर, बोट टेकताच फोन लागेल असा हवा. तोच क्रमांक जाहिरातीच्या चित्रात कोरलेला असेल, तर त्यावर टेकून फोन लागत नाही आणि तो सहज उचलून घेताही येत नाही. लग्नसमारंभाच्या छायाचित्रकाराकडे येणारा मात्र सवडीने चार ठिकाणे ताडून पाहतो. त्याला कामाचे नमुने, दर कुठून सुरू होतात आणि कोणत्या तारखा मोकळ्या आहेत हे हवे असते. दोघांना एकच साचा चालत नाही.

मजकुराचा कच्चा माल दुकानातच असतो. दोन आठवडे गिऱ्हाइकांनी फोनवर विचारलेला प्रत्येक प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, वहीत टिपावा. वीस-तीस प्रश्न जमले की त्यांचे गट आपोआप पडतात आणि तीच पानांची यादी ठरते. मुखपृष्ठ, सेवा, दर, आमच्याविषयी आणि संपर्क धरून ५ ते ८ पाने बहुतेकांना पुरतात. महत्त्वाच्या प्रत्येक सेवेला मात्र वेगळे पान द्यावे. गुगलसारख्या शोधयंत्राच्या निकालात एकेक पान दिसते. दहा सेवा एकाच पानावर कोंबल्या, तर ते पान धड कोणत्याच शोधात वर येत नाही. शीर्षकात गिऱ्हाइकाचा शब्द असावा. लोक ‘फ्रिज दुरुस्ती’ शोधत असताना ‘शीतकरण उपाययोजना’ असे लिहून काही साधत नाही.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, याच टप्प्यावर घ्यावे. नावाच्या एका भागात जास्तीत जास्त ६३ अक्षरचिन्हे चालतात, पण फोनवर एकदा सांगून समोरच्याला बिनचूक टिपता येईल, ही खरी मर्यादा. आडवी रेघ आणि आकडे टाळलेले बरे. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डोमेन हे वेबसाइट बांधून देणाऱ्याच्या खात्यावर नोंदवणे. तो उद्या फोन उचलेनासा झाला, तर नाव आणि त्यावरचे ई-मेल दोन्ही अडकतात. खाते मालकाच्या नावाने आणि नूतनीकरणाची सूचना दोन पत्त्यांवर, अशी व्यवस्था हवी. सूचनेचा एकमेव पत्ता त्याच डोमेनवरचा असेल, तर मुदत संपल्यावर नेमकी तीच पत्रे पोचत नाहीत. डॉट कॉम नाव मुदतीनंतर रद्द झाले, तरी ३० दिवस जादा शुल्क भरून सोडवता येते. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही मिळू शकते.

पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलण्याची पद्धत ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये मांडली. आज जवळपास प्रत्येक साचा तसा असतो, तरीही आराखडा आधी फोनच्या मापाने काढावा. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, अशी गुगलची कसोटी आहे. ती हुकण्याचे नेहमीचे कारण छायाचित्रे. फोनच्या कॅमेऱ्यातले चित्र ४,००० पिक्सेल रुंद आणि ३ ते ५ एमबीचे असते आणि ते जसेच्या तसे चढवले जाते. १,६०० पिक्सेल रुंदीचे, वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपातले चित्र बहुधा २०० केबीत बसते. चित्राची लांबी-रुंदी आधी नोंदवली नाही, तर ते उतरताना मजकूर खाली ढकलला जातो आणि बोट भलत्याच बटणावर पडते. करड्या पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे देखणी वाटतात, पण उन्हात वाचता येत नाहीत. सुगम्यतेच्या, म्हणजे अधू नजरेच्या माणसालाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या, निकषांनुसार साध्या मजकुरात अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ हवे.

संपर्काचा फॉर्म वरवर साधा, पण गुपचूप बंद पडणारा भाग. अनेक फॉर्म आलेला निरोप भरणाऱ्याच्याच ई-मेल पत्त्यावरून पाठवल्यासारखा दाखवतात. घेणाऱ्या सर्व्हरला ही तोतयेगिरी वाटते आणि निरोप स्पॅममध्ये जातो किंवा नाकारला जातो. भरणाऱ्याला मात्र ‘धन्यवाद’ दिसलेले असते. पाठवणारा पत्ता आपल्या डोमेनवरचा ठेवून भरणाऱ्याचा पत्ता उत्तरासाठीच्या रकान्यात घालावा. प्रत्येक नोंदीची प्रत वेबसाइटवरही साठवावी. फॉर्ममध्ये नाव, फोन आणि काम एवढे तीन रकाने पुरेत.

प्रकाशनाच्या दिवशी दोन गोष्टी हमखास राहतात. बांधणी चालू असताना शोधयंत्रांना दूर ठेवण्यासाठी वर्डप्रेस या वेबसाइट बांधण्याच्या प्रणालीत केलेली खूण काढायची राहून जाते आणि शोधात वेबसाइट दिसतच नाही. जुनी वेबसाइट बदलली असेल, तर प्रत्येक जुन्या पानाचा पत्ता नव्या जुळत्या पानाकडे कायमचा वळवावा लागतो. यालाच ३०१ वळण म्हणतात. सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे जवळपास न वळवण्यासारखेच.

देखभालीला महिन्याला तासभर पुरतो, पण तो कोणाचा हे नाव घालून ठरवावे. प्रणाली अद्ययावत करणे, होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइट जिथे साठवलेली असते त्या सेवेच्या, बाहेर वेबसाइटची प्रत ठेवणे, परक्या फोनवरून फॉर्म भरून पाहणे आणि वेळ, सुट्ट्या, दर तपासणे ही त्यातली कामे. ऑनलाइन नकाशावरची दुकानाची वेळ आणि वेबसाइटवरची वेळ वेगळी निघाली, की बंद दाराशी आलेले गिऱ्हाईक त्या दोन्हींवर विश्वास ठेवत नाही.