तूट घटली म्हणजे कर्ज घटले?

निवडणुकीत फिरणारा दावा: 'आमच्या उमेदवाराने तूट निम्मी केली, म्हणजे देशाचे कर्ज निम्मे झाले.'

दोन्ही शब्द जवळचे असल्याने गल्लत सहज होते. राजकोषीय तूट म्हणजे त्या एका वर्षात उत्पन्न कमी पडल्याने काढावी लागलेली उसनवारी. कर्ज म्हणजे आजवरची साठलेली बाकी. समजा बाकी १०० रुपये आहे. यंदा तूट १०, बाकी ११०. पुढच्या वर्षी तूट निम्मी, म्हणजे ५; तरी बाकी ११५! बाकी उतरायला तूट शून्याखाली, म्हणजे शिल्लक हवी. अर्थव्यवस्था कर्जापेक्षा वेगाने वाढली तर जीडीपीशी (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाशी) कर्जाचे प्रमाण मात्र घटते, आणि दावा नेमका कशाबद्दल आहे हे इथेच विचारावे.

पडताळणीसाठी केंद्रीय अर्थसंकल्पाच्या 'बजेट ॲट अ ग्लान्स'मध्ये तूट पाहा, 'रिसीट बजेट'मध्ये एकूण दायित्वे, म्हणजे साठलेली देणी. दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडा.