दोन टप्प्यांची दोन डीईए म्हणजे नेटवर्क डीईए नव्हे

डीईए, म्हणजे डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस, ही बँका, कंपन्या अशा एकसारखं काम करणाऱ्या युनिटांची तुलना करून कमी इनपुटमध्ये जास्त आउटपुट कोण काढतं याचा ० ते १ असा स्कोअर देणारी पद्धत. प्रोसेसचे दोन टप्पे पाडले, प्रत्येक टप्प्याचं वेगळं डीईए चालवलं, दोन स्कोअर शेजारी शेजारी टेबलात टाकले की झालं नेटवर्क डीईए, असा समज बऱ्याच जणांचा असतो. रिपोर्टवर शीर्षकसुद्धा तेच देतात. पण ही दोन वेगळी मॉडेल्स आहेत आणि उत्तरंही वेगळी येऊ शकतात, कधी कधी तर चांगलीच वेगळी.

आधी थोडं मागचं. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांचं १९७८ चं मूळ मॉडेल प्रत्येक युनिटला सांगतं की तुझ्या इनपुट-आउटपुटला तुला सोयीची पडतील ती वेट्स (कशाला किती महत्त्व किंवा भाव द्यायचा ते आकडे) तूच निवड, अट एवढीच की त्याच वेट्सनी दुसऱ्या कुणाचाही स्कोअर १ च्या वर जाता कामा नये. म्हणजे सवलत भरपूर, आणि तरीही १ गाठता आला नाही तर मग तक्रारीला जागा नाही. यात युनिटच्या आत काय चाललंय ते कुणी बघत नाही, एका बाजूनं इनपुट गेलं, दुसऱ्या बाजूनं आउटपुट आलं, विषय संपला.

आता आत डोकावायचं म्हणून टप्पे पाडले. सायफर्ड आणि झू यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ५५ मोठ्या बँकांसाठी असंच केलं, पहिला टप्पा नफा कमावण्याचा, दुसरा बाजारातल्या किमतीचा, आणि दोन्हींचं डीईए वेगवेगळं. यात हिशोबाची चूक काही नाही. फक्त पहिल्या टप्प्यातून जे बाहेर पडतं तेच दुसऱ्यात आत जातं, आणि वेगळ्या डीईएला हे माहीतच नसतं!

आकडे घेऊन बघा, मी मुद्दाम सोपे घेतलेत. अ, ब, क अशी तीन युनिटं. तिघांचं इनपुट १०, तिघांचं शेवटचं आउटपुटही १०. मधे दोन प्रकारचा माल तयार होतो: अ मध्ये २० आणि ५, ब मध्ये ५ आणि २०, क मध्ये १४ आणि १४. साधं डीईए लावलं तर तिघंही १, कारण बाहेरून तिघं सारखीच दिसतात. आता टप्पे वेगळे करा. पहिल्या टप्प्यात मधला माल हे आउटपुट आहे, तेव्हा अ सगळं वेट पहिल्या प्रकारावर टाकतं (२० सगळ्यात जास्त त्याचेच), स्कोअर १. दुसऱ्या टप्प्यात तोच माल इनपुट होतो, मग अ हळूच पलटी मारून सगळं वेट दुसऱ्या प्रकारावर नेतं, कारण तो फक्त ५ वापरून १० काढलेत, परत स्कोअर १. ब चं हेच, फक्त उलट्या बाजूनं. आणि बिचारं क, पहिल्या टप्प्यात १ पण दुसऱ्यात ०.८९. म्हणजे एकच माल बनवताना त्याला एक भाव आणि तोच वापरताना दुसरा भाव, आणि हे करणारी दोन्ही युनिटं शंभर टक्के कार्यक्षम ठरली.

नेटवर्क डीईए नेमकं हेच बंद करतं. काओ आणि ह्वांग यांच्या २००८ च्या मॉडेलमध्ये अट अशी की मधल्या मालाचं वेट दोन्ही टप्प्यांत एकच ठेवायचं, आणि एकूण स्कोअर म्हणजे दोन टप्प्यांच्या स्कोअरचा गुणाकार. आपल्या उदाहरणात ते सोडवलं की दोन्ही प्रकारांना समान वेट येतं. मग अ ची बेरीज २५, क ची २८, म्हणून पहिल्या टप्प्यात अ ला २५ भागिले २८, म्हणजे साधारण ०.८९, दुसऱ्यात १, एकूण ०.८९. क चं एकूणही ०.८९ च, फक्त त्याची गळती दुसऱ्या टप्प्यात आहे. मॅनेजरला खरं हेच हवं असतं ना, गळती कुठे आहे ते.

आणि हे ०.८९ हवेतून आलेलं नाही. दुसऱ्या टप्प्यात अ आणि ब यांची निम्मी-निम्मी पद्धत मिसळली तर १२.५ आणि १२.५ माल वापरून १० निघतात. क चा पहिला टप्पा १४ आणि १४ देतो. म्हणजे पहिला टप्पा क सारखा आणि दुसरा त्या मिश्रणासारखा चालवला तर त्याच १० इनपुटमधून ११.२ निघायला पाहिजेत. १० भागिले ११.२ करून बघा.

काओ आणि ह्वांग यांनी हे तैवानच्या २४ जनरल इन्शुरन्स कंपन्यांवर लावलं होतं, आधी खर्च करून प्रीमियम गोळा करणं आणि मग त्या प्रीमियममधून नफा काढणं. मधला माल दोन प्रकारचा, थेट प्रीमियम आणि रीइन्शुरन्सचा प्रीमियम, म्हणजे भाव बदलायला वाव होताच. मधला माल एकाच प्रकारचा असता आणि परतावा स्थिर धरला असता (म्हणजे इनपुट दुप्पट केलं की आउटपुटही दुप्पट) तर मात्र वेगळ्या डीईएच्या स्कोअरचा गुणाकार आणि नेटवर्कचा एकूण स्कोअर एकच आला असता, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

हिशोबाचं ओझंही फार नाही, दर युनिटला एकच लिनियर प्रोग्रॅम (सरळ रेषेतल्या अटी पाळून सगळ्यात मोठं उत्तर शोधायचं गणित), फक्त युनिटांवरच्या अटी दुप्पट. एक खोच मात्र आहे: एकूण स्कोअर ठाम असतो पण तो दोन टप्प्यांत कसा वाटायचा याची उत्तरं एकापेक्षा जास्त असू शकतात, त्यामुळे एकूण स्कोअर तसाच धरून कुठल्या टप्प्याला आधी जास्तीत जास्त दिलं हे रिपोर्टमध्ये लिहिलंच पाहिजे. बरेच जण लिहीत नाहीत आणि मग दुसऱ्या कुणी तेच चालवलं की आकडे जुळत नाहीत.

मग वेगळं डीईए कधीच करू नये का? करावं, दुसरा टप्पा आपला माल बाहेरूनही घेऊ शकत असेल, दोन्ही टप्पे खरोखर स्वतंत्र चालत असतील, तर त्यांना एकाच भावात बांधणं उलट चुकीचं. तेव्हा खुशाल वेगळं करा, फक्त त्या दोन स्कोअरचा गुणाकार करून त्याला एकूण कार्यक्षमता म्हणू नका.

परतावा बदलता धरायचा असेल तर गुणाकाराचं मॉडेल लिनियर राहत नाही, तिथे चेन, कुक, ली आणि झू यांचं २००९ चं बेरजेचं मॉडेल बरं पडतं. त्यात टप्प्यांचं महत्त्व त्यांनी खाल्लेल्या इनपुटच्या वाट्यावरून ठरतं, आणि स्थिर परताव्यात त्याचा परिणाम असा की पहिल्या टप्प्याला निम्म्यापेक्षा कमी महत्त्व कधी मिळतच नाही, मग तो टप्पा कितीही किरकोळ असो. मला हे फारसं पटत नाही, पण सोय म्हणून लोक वापरतात.