रुखवताच्या ताटापासून केकच्या ऑर्डरीपर्यंत

विदर्भातल्या तालुक्याच्या गावात आता एखाद्या तरी घराच्या फाटकावर ‘केकच्या ऑर्डर घेतल्या जातील’ अशी पाटी दिसते. केकसोबत द्यायचं शुभेच्छापत्रही अनेकदा त्याच घरात, त्याच हातांनी तयार होतं. याची सुरुवात लोक युट्यूबपासून मोजतात. शिकवणी तिथून मिळाली हे खरं. पण हात त्याच्या कितीतरी आधी तयार झाले होते, आणि त्याचं श्रेय आईला, आजीला, गावच्या शाळेला क्वचितच मिळतं.

पहिली शाळा रुखवताची. लग्नघरी उन्हाळ्यात शेजारणी जमायच्या आणि शेवया, बोटवे, सरगुंडे वळायच्या. सरगुंड्यासाठी घट्ट भिजवलेल्या पिठाची लांब, बारीक वळी करायची, काडीवर एकसारखी गुंडाळायची, काडी हलकेच ओढून घ्यायची आणि ते वेटोळं सावलीत वाळवायचं. बोटाचा दाब कुठे जरा जास्त पडला की वेटोळं चपटं होतं. करंजीच्या कडेला मुरड घालतानाही हीच कसोटी लागते. रुखवताच्या ताटात याच्या जोडीला सजवलेले नारळ, डाळी-तांदूळ चिकटवून काढलेली नक्षी, मणी-टिकल्यांचं तोरण असे. खायची वस्तू आणि कागदाची वस्तू एकाच चटईवर, एकाच मंडळींकडून सजत होती. होळीला मुलांच्या गळ्यात पडणारी साखरेची गाठी आणि तान्ह्या पोळ्याला बेगड लावून सजणारा लाकडी बैल हेही त्याच घरांतले. साखरेला आकार द्यायचा असतो, कागदाला झळाळी आणायची असते, हे इथल्या मुलांना केक पाहण्याआधी ठाऊक होतं.

शुभेच्छापत्र मात्र बाहेरून आलं. इंग्लंडमध्ये 1840 साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि 1843 मध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं पहिलं छापील कार्ड करवून घेतलं. किंमत एक शिलिंग, म्हणजे सामान्य माणसाला न परवडणारी. आपल्याकडे 1879 मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं आणि शुभेच्छा टपालानं पाठवणं गरिबालाही जमू लागलं. मराठी घरांनी ही रीत आपल्या सणांना लावली. संक्रांतीला तिळगुळाची छोटी भेटकार्डं आणि दिवाळीला शुभेच्छापत्रं पोस्टमनच्या पिशवीतून खेड्यापर्यंत जाऊ लागली. पाकीट उघडं ठेवून बुक पोस्टानं टाकलं की तिकीट कमी लागे, म्हणून मजकूर दोन ओळींचा आणि सगळा जीव चित्रात.

कागदाच्या बाबतीत विदर्भाचं स्वतःचं देणं आहे, आणि त्याचा उल्लेख फारसा होत नाही याची मला खंत वाटते. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तिथे हातकागदाचं काम चाललं. हातकागदाला कापसाच्या चिंध्या उत्तम. आणि हा तर कापसाचाच मुलूख. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हातानं काम करत शिकायचं, ही गांधीजींच्या नई तालीमची मांडणी पुढे आली. पुढे देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाने (1964–66) कार्यानुभवाचा, म्हणजे हातानं काम करून शिकण्याचा, आग्रह धरला आणि शाळेच्या वेळापत्रकात हस्तकलेला तास मिळाला.

त्या तासात काय होत असे, हे 80–90 च्या दशकांत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांना विचारावं. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू घ्यायची, त्यावर पान ठेवायचं, रंगात बुडवलेला टूथब्रश कंगव्यावर घासायचा. बारीक तुषार उडतात आणि पान उचललं की त्याचा पांढरा आकार उमटतो. पिंपळाचं पान पाण्यात काही आठवडे कुजवलं की गर निघून जातो, शिरांची जाळी उरते. ती वहीत दाबून सुकवायची आणि कार्डावर डकवायची. यात विकत घेण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. शहरांत छापील कार्डांची दुकानं वाढत असतानाही खेड्यातलं कार्ड म्हणूनच हातचंच राहिलं. मोबाइलवरच्या संदेशांनी मग टपालाची कार्डं झपाट्यानं संपवली.

केकची वाट वेगळी. भारतात नाताळचा पहिला केक 1883 मध्ये केरळातल्या थलासेरीला मांबल्ली बापू यांनी भाजला, असं मानलं जातं. विदर्भाच्या खेड्यात भट्टी घरची नव्हती. दिवाळीआधी मैदा, साखर, डालडा डब्यात घालून तालुक्याच्या बेकरीत न्यायचं आणि नानकटाई, बिस्किटं भाजून आणायची, एवढाच तिचा संबंध. केक घरात शिरला तो प्रेशर कुकरमधून: रबर आणि शिट्टी काढायची, तळाशी मीठ किंवा वाळू, त्यावर डबा. अनेक स्वयंपाकघरांत अंडं चालत नसे. मग दही आणि सोडा, नाहीतर मिल्कमेड. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं आणि यीस्ट सोसत नसे, म्हणून त्यांनी 1837 मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड आणि 1843 मध्ये बेकिंग पावडर तयार केली. त्या घरगुती अडचणीतून निघालेल्या पावडरीनं आपल्याकडच्या बिनअंड्याच्या केकलाही हात दिला.

सजावटीची खरी लढाई उन्हाशी. लोणी तिशीच्या पुढे गेलं की ढिलं पडतं आणि मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. लोणी-साखरेची फुलं इथे टिकणार कशी? 1945 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून फेटायचं क्रीम काढलं. अशा वनस्पती तेलाच्या गोठवलेल्या क्रीमनं हा प्रश्न बराच सोपा केला, पण त्याला फ्रीजर लागतो आणि फ्रीजरला वीज. लोडशेडिंगच्या वर्षांत खेड्यात ते धरवतच नव्हतं. वीज जरा सावरली, 2016 च्या सप्टेंबरात जिओमुळे डेटा स्वस्त झाला, 2020 च्या टाळेबंदीत अनेक बेकऱ्या बंद पडल्या, आणि मेंदीचा कोन धरायला सरावलेल्या मुलींनी पायपिंग बॅग उचलली.

मागणी फक्त वाढदिवसांची नाही. 13 एप्रिलच्या मध्यरात्री वस्त्यावस्त्यांत बाबासाहेबांच्या जयंतीचा केक कापला जातो. निळं क्रीम, त्यावर अशोकचक्र. त्याचे चोवीस आरे हातानं सारखे काढणं हे मोठ्या कसबाचं काम आहे. घरच्या वाढदिवसाला आधी औक्षण, मग केक, असा क्रम बसला आहे. फुंकर मारून ज्योत विझवणं कित्येक आज्यांना अजूनही पटत नाही, म्हणून मेणबत्तीच लावत नाहीत.

विकायला करणाऱ्यांसाठी 2006 चा अन्नसुरक्षा कायदा 2011 पासून लागू झाला आणि छोट्या घरगुती उद्योगालाही नोंदणी आवश्यक ठरली. बचत गटांमुळे बीटर आणि ओव्हनसाठी कर्ज मिळणं सोपं झालं. दर मात्र अजून किलोवर ठरतो, आणि पिंपळपानाचं जाळीदार कार्ड त्याच डब्यावर फुकट जातं. रुखवत वळणाऱ्या बायांच्या मेहनतीला कुणी किंमत लावली नव्हती. ती सवय या पाटीखालीही चालू आहे, आणि ती बदलायला हवी.