दोन वर्षांत सहा मंत्रिमंडळं: पोर्तुगालच्या हंगामी सरकारांची पार्श्वभूमी

२५ एप्रिल १९७४. पहाटे लिस्बनच्या रस्त्यांवर सैन्य उतरलं आणि संध्याकाळपर्यंत ४८ वर्षांची हुकूमशाही आटोपली. उठाव करणारे अधिकारी बहुतेक कॅप्टन दर्जाचे. आफ्रिकेतल्या वसाहतींत १९६१ पासून चाललेल्या युद्धांना ते विटले होते. हुकूमशहा सालाझार १९६८ मध्येच पायउतार झाले होते. त्यांचे वारस मार्सेलो कायतानो यांना ही युद्धं ना जिंकता आली, ना थांबवता.

१६ मे रोजी पहिलं हंगामी मंत्रिमंडळ आलं. पंतप्रधान कायदेपंडित पाल्मा कार्लोस. परदेशातून नुकतेच परतलेले कम्युनिस्ट नेते आल्वारो कुन्याल आणि समाजवादी मारिओ सोआरेस त्यांच्या शेजारी बसले. खुर्च्या मिळाल्या, पण सत्तेच्या किल्ल्या लष्कराकडेच होत्या. अधिकार वाढवून मागितले, ते मिळाले नाहीत, म्हणून पाल्मा कार्लोस दोन महिन्यांच्या आत बाहेर पडले. पुढची चारही मंत्रिमंडळं कम्युनिस्टांकडे झुकलेल्या वास्को गोन्साल्विस या लष्करी अधिकाऱ्याची.

अशा डळमळीत सरकारनेच आपल्याशी थेट संबंध असलेला एक निर्णय घेतला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी लिस्बनने ते कधी मान्य केलं नव्हतं. ३१ डिसेंबर १९७४ रोजी परराष्ट्रमंत्री सोआरेस दिल्लीत आले आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर त्यांनी सही केली. भारतातर्फे सही होती यशवंतराव चव्हाणांची. सालाझारांनी जे आयुष्यभर नाकारलं, ते निवडून न आलेल्या हंगामी सरकारने आठ महिन्यांत मार्गी लावलं.

घरात मात्र कारभार हाताबाहेर चालला होता. मार्च १९७५ मध्ये एक प्रतिउठाव फसला आणि पाठोपाठ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. २५ एप्रिलला संविधान सभेची निवडणूक झाली. मतदान ९० टक्क्यांहून अधिक. समाजवाद्यांना सुमारे ३८ टक्के मतं, कम्युनिस्टांना जेमतेम साडेबारा. मतपेटीचा कौल एकीकडे आणि मंत्रिमंडळाचा कल दुसरीकडे, हे फार काळ टिकणार नव्हतं. जुलैत समाजवादी बाहेर पडले, सप्टेंबरमध्ये गोन्साल्विस गेले.

सहाव्या मंत्रिमंडळाचे पंतप्रधान ॲडमिरल पिन्येरो द आझेवेदो. नोव्हेंबरमध्ये बांधकाम मजुरांनी संसद भवनाला वेढा घालून त्यांना आत कोंडलं. त्यानंतर सरकारने जे केलं त्याला तोड नाही: राज्य करण्यासारखी परिस्थिती निर्माण करून द्या, तोवर आम्ही काम बंद ठेवतो, असं २० नोव्हेंबरला जाहीर केलं. म्हणजे मंत्रिमंडळच संपावर!

पाच दिवसांनी डाव्या सैनिकांचं बंड मोडलं गेलं आणि पारडं फिरलं. २५ एप्रिल १९७६ पासून नवी राज्यघटना लागू झाली आणि जुलैत सोआरेस पंतप्रधान झाले, तेही अल्पमतातल्या सरकारचे. लष्करी अधिकाऱ्यांची क्रांती परिषद मात्र कायद्यांवर नजर ठेवायला १९८२ पर्यंत कायम होती.